ऑनर्सचं चौथं वर्ष: मेंटॉरिंग कागदावर न राहता प्रत्यक्षात कसं चालवायचं?

ऑनर्स_समन्वयक_पुणे विचारतात:

नमस्कार मंडळी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कला-विज्ञान महाविद्यालयात ऑनर्सच्या, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या, समन्वयाची जबाबदारी आहे. २०२४-२५ ला नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ ला चौथ्या वर्षाला येईल. पाच विभागांतून ४८ जणांनी चौथं वर्ष करायची इच्छा लेखी दिली आहे. मेंटॉर म्हणून ८ पूर्णवेळ शिक्षक मिळाले आहेत.

अडचणी अशा:

मेंटॉर-मेंटी वही नॅकसाठी (महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी) भरली जाते, पण भेटी होत नाहीत. झाल्या तरी "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला चाललाय सर" यापलीकडे काही घडत नाही. गणपतीनंतर तर मुलं दिसतच नाहीत.

रिसर्चसह ऑनर्ससाठी (चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प असलेल्या वाटेसाठी) पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. आपण त्यात बसतो की नाही, हे निम्म्याहून जास्त मुलांना ठाऊक नाही.

प्रोजेक्ट गाइड म्हणून सगळ्यांना दोनच शिक्षक हवे आहेत.

आणि सूचना. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं कुणी वाचत नाही, नोटीस बोर्डाकडे कुणी बघत नाही.

कुठून सुरुवात करावी? फॉर्म नकोत, फॉर्म खूप आहेत. प्रत्यक्ष चालणारी पद्धत हवी आहे.

---

क्रेडिट_तपासनीस:

सुरुवात क्रेडिटच्या तक्त्यापासून करा. सल्ला द्यायला बसलेल्या शिक्षकासमोर त्या मुलाचे खरे आकडे नसतील तर तो धीर देईल, सल्ला देऊ शकणार नाही.

आपल्याकडचा हिशोब दर सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांत १३२ आणि चार वर्षांत १७६ असा आहे. पण नुसती बेरीज पुरेशी नाही, कप्पे पाहावे लागतात. एका मुलासाठी एक्सेलची एक ओळ, आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, भाषा-मूल्य-भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, सामुदायिक सहभाग, ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) असे वेगळे रकाने. प्रत्येक कप्प्यात दोन आकडे लिहा: लागणारे आणि मिळालेले. फरक शून्य नसेल तर रकाना लाल करा. ४८ ओळी भरायला दोन माणसांना दोन दिवस लागतात. पुढे दर निकालानंतर अर्धा दिवस पुरतो.

हे करताना सापडणारे घोटाळे जवळपास ठरलेले आहेत. पहिला, मायनर बदललेली मुलं. मायनर मध्येच बदललं की एकूण क्रेडिट भरलेले दिसतात, पण नव्या मायनरचे कमी पडतात. दुसरा, एटीकेटीचा. विषय सुटलेला असतो, पण महाविद्यालयाच्या याद्यांमध्ये जुनाच निकाल राहतो. तिसरा, ओजेटीचे तास. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास. मुलं संस्थेचं प्रमाणपत्र आणतात, त्यावर "एक महिना" लिहिलेलं असतं, तास कुठेच नसतात. प्रमाणपत्रावर तासांचा आकडा आणि तारखा हव्यातच. ओजेटीला पाठवतानाच छापील मसुदा हातात द्या, म्हणजे वर्षभराने त्या संस्थेच्या दारात पुन्हा जावं लागणार नाही.

चौथा घोटाळा सगळ्यात चिवट: ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं. त्यासाठीचा विद्यार्थ्याचा अपार आयडी १२ अंकी असतो. आधारवर "नाव वडिलांचं नाव आडनाव", आणि महाविद्यालयाच्या नोंदीत "आडनाव नाव वडिलांचं नाव आईचं नाव". ही नावं जुळली नाहीत की क्रेडिट खात्यावर चढत नाहीत, आणि मुलाला ते प्रवेशाच्या आठवड्यात कळतं. उपाय सोपा आहे. पाचव्या सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने डिजिलॉकर उघडून जमा क्रेडिटचं पान मेंटॉरला मोबाइलवर दाखवायचं. स्क्रीनशॉट मागू नका, समोर उघडायला लावा. जुना स्क्रीनशॉट मित्राकडूनही मिळतो.

आता ७५ टक्के. टक्के आणि सीजीपीए (सगळ्या सत्रांची १० पैकी सरासरी) यांची सांगड कोणत्या सूत्राने घालायची, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर ४८ मुलांचं वर्ष टांगून ठेवू नका. उदाहरणापुरतं ७.५ सीजीपीए धरू. चार सत्रांनंतर मुलगी ७.१ वर आहे. ८८ क्रेडिट झाले, ४४ उरले. लागणारे गुण ७.५ × १३२ = ९९०, हातात आहेत ७.१ × ८८ = ६२४.८. उरले ३६५.२, त्याला ४४ ने भागा: ८.३. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सत्रात सरासरी ८.३ हवेत. पाचव्यात ७.६ मिळाले तर सहाव्यात नेमके ९ लागतील. हा आकडा पाचवं सत्र सुरू होतानाच तिला सांगितला, तर कोणत्या विषयावर जोर द्यायचा हे तिला ठरवता येतं. सहाव्याच्या निकालानंतर सांगितला तर ती फक्त बातमी असते.

शिवाय सहाव्या सत्राचा निकाल आणि सातव्याची सुरुवात यांच्यात फार अंतर राहत नाही. रिसर्च आणि साधं ऑनर्स, दोन्ही याद्या तात्पुरत्या तयार ठेवा, आणि सीमारेषेवरच्या मुलांकडून दोन्हींसाठी पर्याय लिहून घ्या.

---

मेंटॉर_डेक्कन:

वरचा तक्ता हवाच. आता भेटींबद्दल.

भेटी होत नाहीत, कारण भेटीला काम जोडलेलं नसतं. मुलगा मोकळ्या हाताने येतो, मोकळ्या हाताने जातो, आणि पुढच्या वेळी येण्याचं त्याला कारण उरत नाही. म्हणून नियम एकच ठेवा: प्रत्येक भेटीला मुलाने काहीतरी लिहून आणायचं आणि जाताना पुढचं काम घेऊन जायचं.

वेळेचं गणित पाहा. ४८ मुलं, ८ शिक्षक, म्हणजे प्रत्येकी ६. एका भेटीला २० मिनिटं धरली तर एका फेरीला एका शिक्षकाचे २ तास जातात. सत्रात तीन फेऱ्या म्हणजे ६ तास. एवढा वेळ निघतो, पण तो वेळापत्रकात छापलेला हवा. "सवडीने भेटू" म्हटलं की भेट बुडालीच. आठवड्यातला एक तास ठरवा, त्यात तीन मुलं. दोन आठवड्यांत फेरी पूर्ण.

वीस मिनिटांची वाटणी अशी. पहिली ५ मिनिटं मुलगा स्वतःच्या तक्त्याची ओळ मोठ्याने वाचतो. शिक्षकाने वाचून दाखवायची नाही. स्वतः वाचताना लाल रकान्याशी तो आपोआप थांबतो आणि बोलायला लागतो. पुढची १० मिनिटं आणलेल्या कामावर. शेवटच्या ५ मिनिटांत पुढचं काम आणि तारीख एका ओळीत लिहायची, दोघांच्या सह्या. वहीत "प्रगती समाधानकारक" हा शेरा बंद करा. "१२ तारखेपर्यंत दोन शोधनिबंध, प्रत्येकी पाच ओळी" असं लिहा. नॅकलाही हीच नोंद जास्त उपयोगी पडते, कारण तिला पुरावा जोडता येतो.

कामं: पहिल्या फेरीला भरलेला क्रेडिट तक्ता आणि चौथं वर्ष का करायचं याची पाच वाक्यं. दुसऱ्या फेरीला तीन शोधनिबंध, प्रत्येकाचा प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष हाताने लिहून, मराठीत किंवा इंग्रजीत. हाताने याच्यासाठी, की कॉपी-पेस्ट करताना न वाचलेलं लिहिताना वाचावं लागतं. तिसऱ्या फेरीला प्रस्तावाचं एक पान.

तारखा पुण्याचं कॅलेंडर समोर ठेवून लावा. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी ऑगस्टमध्ये जोरात असतात, मग ढोल-ताशा पथकांचे सराव, गणपती, विसर्जन, आणि लगेच अंतर्गत परीक्षा. त्यामुळे पहिली फेरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दुसरी गणेश चतुर्थीच्या किमान आठ दिवस आधी संपवायची, आणि तिसरी अंतर्गत परीक्षा झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी. दुसरी फेरी गणपतीनंतर ठेवली की ती तिसरीत मिसळते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. तालमीत रात्री अकरापर्यंत थांबणाऱ्या मुलीला सकाळी साडेआठची वेळ देणं ही आपली चूक आहे. कमवा व शिका योजनेत काम करणारे किंवा बाहेर नोकरी करणारे जे असतील त्यांचे तास पहिल्याच भेटीत लिहून घ्या आणि त्याप्रमाणे वेळ द्या.

गैरहजेरीत पहिल्यांदा त्याच संध्याकाळी वैयक्तिक मेसेज. दुसऱ्यांदा फोन. तिसऱ्यांदा विभागप्रमुखांसोबत भेट, तीही रागवायला नाही. काय अडलंय ते शोधायला. ग्रुपवर गैरहजर मुलांची नावं टाकू नका. त्याने मुलगा भेटीला येत नाही, ग्रुपमधून जातो.

सूचनांसाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा एकच ग्रुप ठेवा, दर सोमवारी सकाळी ९ ला एकच संदेश, चार ओळींच्या आत. नमुना:

"या आठवड्यात: १) गट ३ आणि ४ ची भेट, बुधवार १२.२०, खोली २०७. सोबत तीन निबंधांच्या नोंदी. २) अपार आयडी न दाखवलेले ७ जण, शुक्रवारपर्यंत कार्यालयात. ३) आविष्कार संशोधन स्पर्धेसाठी नावं द्यायची मुदत शनिवार."

शुभेच्छा, सुविचार, फॉरवर्ड काही नाही. ग्रुपवर आलेली प्रत्येक गोष्ट कामाची असते हे महिनाभर दिसलं की मुलं उघडतात.

मुलं गुंतून राहावीत म्हणून मोठं व्याख्यान ठेवण्याची सवय असते. सभागृह भरतं, पण चहापाण्यानंतर काही उरत नाही. त्यापेक्षा बारा-बारा जणांचे गट करून शनिवारी भेटी न्या. भांडारकर प्राच्यविद्या संस्था, गोखले संस्थेचं ग्रंथालय, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय हे सगळं शहरातच आहे. प्राचार्यांचं पत्र आणि नावांची यादी आधी पाठवायची, ओळखपत्रं बरोबर. आणि इथेही काम जोडायचं: आपल्या विषयाशी संबंधित एक ग्रंथ किंवा अहवाल प्रत्येकाने तिथे शोधून त्याची पूर्ण नोंद लिहून आणायची.

---

विभागप्रमुख_हडपसर:

थोडक्यात दोन गोष्टी, पण दोन्ही टाळू नका.

एक, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मेंटॉर नेमणार असाल तर त्या तासांचं मानधन आधी मंजूर करून घ्या. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, आणि पुढच्या वर्षी ते असतील याची खात्री नसते. चौथ्या वर्षाच्या मुलाचा मेंटॉर मधेच बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तुमचे ८ पूर्णवेळ आहेत, तेवढ्यातच भागवा.

दोन, मेंटॉर हा समुपदेशक नव्हे. झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, घरात मारहाण होते असं काही मुलाने सांगितलं, तर ऐकून घ्या, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी महाविद्यालयाच्या समुपदेशकापर्यंत पोचवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर छापा. वहीत मात्र या गोष्टी लिहायच्या नाहीत. "भेट झाली, पुढे पाठवलं" एवढंच. ती वही दहा हातांतून फिरते.

---

प्रयोगशाळा_ते_प्रबंध:

गाइड आणि विषय यावर लिहितो, कारण चौथं वर्ष बुडतं ते बहुधा इथे.

रिसर्चसह ऑनर्समध्ये प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. साध्या ऑनर्समध्ये तेवढ्याच क्रेडिटचे वर्गातले विषय किंवा ओजेटी येतं. म्हणजे चौथ्या वर्षाच्या ४४ पैकी चौथाईहून जास्त भार एका विषयावर आणि एका गाइडवर.

गाइड वाटप गुणांच्या क्रमाने करू नका. वरची मुलं लोकप्रिय शिक्षकाकडे जातात, आणि उरलेल्या शिक्षकाकडे अशी मुलं येतात ज्यांना तो विषयच नको असतो. त्याऐवजी सहाव्या सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाने अर्ध्या पानावर लिहून द्यावं: मी कोणत्या प्रश्नांवर काम करतो, कोणतं उपकरण किंवा संग्रह हाताशी आहे, मुलाला आधी काय यायला हवं. मुलांनी ते वाचून तीन पसंती आणि प्रत्येकीचं एका वाक्यात कारण द्यायचं. एका गाइडकडे जास्तीत जास्त चार. पाचवा आला की आठवड्याची भेट पंधरवड्यावर जाते. ज्या शिक्षकाबद्दल आजवर फक्त "कडक" एवढंच ऐकलेलं असतं, त्याचं अर्ध पान वाचून मुलं आपणहून तिकडे जातात.

विषय. "पुण्यातील नदी प्रदूषण" हा विषय नाही, ते वर्तमानपत्राचं शीर्षक आहे. त्याला इतकं खाली आणायचं: मुठेवर राजाराम पूल, म्हात्रे पूल, भिडे पूल आणि संगम पूल ही चार ठिकाणं, दर पंधरा दिवसांनी नमुने, विरघळलेला ऑक्सिजन आणि नायट्रेट. आता यातले खड्डे. सातवं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो; नमुना घेता येत नाही, घ्यायला पाठवणंही धोक्याचं. पाणी वाढल्याने सांडपाणी पातळ होतं, आणि जुलै-ऑगस्टचे आकडे पाहून मुलगा "नदी सुधारली" असं लिहून बसतो. म्हणून पावसाळ्यात साहित्य वाचन आणि पद्धतीचा सराव करायचा, मुख्य नमुने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसरं, ऑक्सिजनचा नमुना बाटलीत भरून बसने प्रयोगशाळेत आणला की वाटेतच आकडा बदलतो. विंकलर पद्धतीत मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड नदीकाठीच घालून ऑक्सिजन बांधून घ्यावा लागतो, आणि बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी लागते. अनुमापन मग प्रयोगशाळेत. हे विषय मंजूर करतानाच विचारलं पाहिजे: नमुना कुठे घेणार, कशात, कोण बरोबर येणार, रसायनांचा खर्च कोणत्या खात्यातून?

इतिहासाच्या मुलांसाठी असाच प्रश्न: पेशवे दप्तराच्या कागदांवर काम करायचंय, मोडी येते का? येत नसेल तर पाचव्या-सहाव्या सत्रातच शिकायला लावा. सातव्यात शिकून त्याच सत्रात दप्तर वाचणं जमत नाही; अक्षर ओळखता येणं वेगळं आणि धावतं मोडी लागणं वेगळं.

समाजशास्त्र, मानसशास्त्रात प्रश्नावली असेल तर संमतीपत्र मराठीत आणि सोप्या शब्दांत. अठरा वर्षांखालचे उत्तर देणारे असतील तर पालकांची संमतीही लागते. हे न करता २०० फॉर्म भरून आणले की ते वापरता येत नाहीत आणि डिसेंबर उजाडलेला असतो.

साहित्यचोरी तपासणी शेवटच्या आठवड्यात ठेवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. पहिलं प्रकरण तयार झालं की लगेच एकदा तपासा, आणि अहवाल मुलासोबत बसून वाचा. अवतरणचिन्ह आणि संदर्भ कसा द्यायचा हे बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. मराठी प्रबंधावर सॉफ्टवेअर फार भरवशाचं नाही, तिथे गाइडने स्वतः वाचणं हाच उपाय.

---

ऑनर्स_समन्वयक_पुणे:

मनापासून आभार. क्रेडिट तक्ता आणि भेटीला काम जोडणं या दोन गोष्टींनी या सत्रात सुरुवात करतो. शिक्षकांची अर्धी पानं सहाव्या सत्राला.

एक प्रश्न राहिला. काही मुलं तिसऱ्या वर्षानंतर थांबावं की पुढे जावं यात अडकली आहेत. आपला आकडा टिकावा म्हणून त्यांना चौथ्या वर्षाला ओढावं असं संस्थेतून सुचवलं जातंय. नेमकं काय सांगावं?

---

क्रेडिट_तपासनीस:

ओढू नका. मुलांसमोर वाटा मांडा आणि प्रत्येक वाटेचा खर्च सांगा.

तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडला तर पदव्युत्तर दोन वर्षं. चार वर्षांनंतर एका वर्षाचं पदव्युत्तर करता येतं. एकूण वर्षं दोन्हीकडे पाचच. पण एक वर्षाचं पदव्युत्तर त्याला हव्या त्या विषयात, हव्या त्या ठिकाणी सुरू आहे का, हे त्याने आधी पाहायचं. नसेल तर हिशोब सहा वर्षांवर जातो.

पीएचडीकडे जायचं असेल तर चौथ्या वर्षाला वजन आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पदव्युत्तरशिवाय पीएचडी प्रवेशाला पात्र होता येतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल गटाला ५ टक्के सवलत आहे. नेटलाही (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेलाही) जून २०२४ पासून अशा मुलांना बसता येतं.

एमपीएससीची तयारी करणाऱ्याला, किंवा ज्याच्या घरात आत्ता पगाराची गरज आहे त्याला, पदवी तीन वर्षांत हातात येते. त्याला हेही सांगा की बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येऊन चौथं वर्ष करता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांची मर्यादा आहे. हे कळल्यावर बऱ्याच मुलांची घाई कमी होते.

पालकांना त्या भेटीला बोलवा, विशेषतः मुलींच्या. चौथ्या वर्षाची फी, वसतिगृह, महाडीबीटी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण हे प्रश्न तेच विचारतात, आणि त्यांची उत्तरं कार्यालयातल्या लिपिकाला मेंटॉरपेक्षा जास्त माहीत असतात. त्या लिपिकालाही बैठकीत बसवा. निर्णय त्याच दिवशी मागू नका. तक्त्याची छापील ओळ आणि दोन्ही वाटांचा खर्च एका कागदावर देऊन पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि सोळाव्या दिवशी मेंटॉरने स्वतः फोन करायचा.